इटालियन बाईला वन्समोर

ऑपेरा मला आवडत नाही. कुणी समजावून सांगायला येऊ नये. त्याला कान तयार लागतो, आधी गोष्ट माहीत करून घ्यावी लागते, मग हळूहळू गोडी लागते, हे सगळं मला एका माणसानं सांगितलेलं आहे आणि त्या माणसाचं तोंड मला परत बघायचं नाही. पण कोल्हापूर ते केवढं, तोंड दिसतंच. मध्यंतरी एका लग्नात जेवणाच्या रांगेत माझ्यापुढंच उभं होतं. मी ताट खाली ठेवलं आणि दुसऱ्या रांगेत गेले.

मी दातांची डॉक्टर, गाव गडमुडशिंगी. घरची शेती, गोठ्यात म्हशी, आणि आबा म्हणजे माझे वडील. राजारामपुरीत मी दवाखाना काढला तेव्हाची ही गोष्ट. पाटीवरचा रंग वाळायच्या आधीच घरात लग्नाचा विषय सुरू झाला होता. स्थळं येत होती, जात होती. त्यातलं एक आलं हाडांच्या डॉक्टरचं. मुलाचे वडीलही डॉक्टर, आता निवृत्त. ताराबाई पार्कात बंगला, एकुलता एक मुलगा.

मुलाला मी दोनदा भेटले होते. आता उगाच आव कशाला आणू, मला तो आवडला होता. चांगलाच आवडला होता. कमी बोलायचा, हसला की डोळे बारीक व्हायचे आणि दात असे एका ओळीत की पहिल्या भेटीत तो काय बोलत होता याकडं माझं लक्षच नव्हतं. दुसऱ्या भेटीनंतर घरी येऊन मी आईला सांगितलं, चालेल. आईनं लगेच देवापुढं साखर ठेवली. आबा सरळ गोठ्यात जाऊन म्हशींशी बोलत बसले. ते खूश झाले की असंच करतात.

आता राहिलं होतं फक्त घर बघणं. आमच्याकडं मुलगी पसंत पडली की मुलीकडची माणसं मुलाचं घर बघायला जातात. चुलते, मामा, आत्या, गावातलं एखादं जाणतं माणूस, अशी जीप भरून जातात. घर बघायचं म्हणजे काही भिंती बघायच्या नसतात. चहा कोण आणतं, खरकटी ताटं कोण उचलतं, घरातली म्हातारी माणसं कुठं बसतात, ते बघायचं असतं. मुलगी स्वतः कधी जात नाही.

पण तिकडून निरोप आला. गर्दी नको. मुलगी आणि तिचे वडील दोघंच या, रविवारी दुपारी आमच्याकडं संगीत असतं, त्यालाच बसा.

ऐकल्या ऐकल्या माझं डोकं फिरलं. आमचे चुलते म्हणजे गर्दी? आई म्हणाली, "जाऊ दे गं, धारंला तरी कुणीतरी घरात पायजेच." आबांनी मात्र त्यातला 'संगीत' एवढा एकच शब्द उचलला. "पावणं हौशी दिसत्यात," म्हणाले आणि पांढरा सदरा इस्त्रीला टाकला. आदल्या दिवशी म्हैस व्याली होती, तर खरवसाचा डबा घेतला. सोबत गुळाची ढेप. मी म्हटलं, "आबा, ढेप नको, आपण काय बाजारला चाललोय का?" म्हणाले, "रिकाम्या हातानं जातंय व्हय कुणी?"

ढेप बंगल्याच्या पोर्चमध्येच राहिली. "मुंग्या होतात," असं डॉक्टरसाहेब म्हणाले. खरवस आत गेला, तो परत दिसला नाही. डॉक्टरसाहेब उंच, गोरे, घरातसुद्धा पट्टा लावलेली पँट. आबांनी वाकून नमस्कार केला, तर त्यांनी हात पुढं केला. मग आबांनी हात पुढं केला, तोवर त्यांचा मागं गेला होता. चहाबिहा काही नाही, थेट वर नेलं. वरच्या मजल्यावर त्यांची खास खोली होती. पडदे ओढलेले, बाहेर लख्ख ऊन आणि आत काळोख. भिंतीएवढा टीव्ही, दोन्ही बाजूंना माझ्या खांद्याला लागतील एवढे स्पीकर आणि कपाटात नुसत्या डीव्हीडी. चपला खाली काढल्याच होत्या, वर मोबाईलही बंद करायला लावले.

"इथं एकच नियम," डॉक्टरसाहेब म्हणाले. "गाणं चालू असताना बोलायचं नाही. अजिबात नाही. मग पंतप्रधान येऊन बसू देत."

आबांनी मान डोलावली. नियम त्यांना पटला असावा, त्यांच्याही भजनाला कुणी बडबडलं की ते चिडतात.

मुलगा माझ्याकडं बघून जरासा हसला आणि कडेच्या खुर्चीवर बसला. त्याची आई, मी त्यांना काकू म्हणत होते, पाय न वाजवता आल्या, पुढं चकली-चिवड्याच्या बशा ठेवल्या आणि पाय न वाजवता गेल्या. डॉक्टरसाहेबांनी डीव्हीडी कडेला दोन बोटांत धरून पुसली. इटलीतल्या एका जुन्या थिएटरात केलेला प्रयोग, असे प्रयोग आता होत नाहीत, अशी गायिका आता होणार नाही, असं बरंच काही बोलले. बोलून झालं आणि सुरू झालं.

तर ऑपेरा म्हणजे काय, ते माझ्याकडून ऐका. एक जाडजूड माणूस विशीतला प्रियकर असतो. एक बाई त्याच्यावर प्रेम करते आणि ते ती पाऊण तास नुसतं सांगत राहते, तोही पाऊण तास ऐकत राहतो, जवळ काही जात नाही. मागं शंभर माणसं उभी, ती अधूनमधून तेच परत सांगतात. कॅमेरा असा जवळ की मला बाईच्या खालच्या दाढा दिसत होत्या. डावीकडची एक भरलेली होती, उजवीकडं कॅप होती, तीही नीट बसलेली नव्हती. प्रेमाबिमाकडं माझं लक्ष जाईना. त्यात दर पाच मिनिटांनी डॉक्टरसाहेब रिमोटनं चित्र थांबवायचे. बाईचं तोंड आ वासलेलं तसंच, आणि हे आबांकडं वळून गोष्ट समजावून सांगणार. तिच्या बापानं तिचं दुसरीकडं ठरवलंय. हा गरीब आहे. ही आता चिठ्ठी देणार. आणि प्रत्येक वेळी शेवटी, "समजलं का?"

"समजलं की," आबा म्हणायचे.

मला काहीच विचारत नव्हते. मी शिकलेली, मला समजलंच असणार, असा हिशेब असावा. मला त्या 'समजलं का'चाच राग येत होता. आमचे आबा काही नुसती चौथी शिकलेले नाहीत, अकरावी झालेले आहेत, आणि बापानं मुलीचं ठरवलं ही गोष्ट समजायला तेवढंही लागत नाही.

त्यात ती चकली. आबांनी सुरुवातीला मान राखायचा म्हणून एक उचलली आणि चावली. त्या खोलीत तो कडकड आवाज असा झाला की डॉक्टरसाहेबांनी मान वळवून बघितलं. त्यानंतर आबांनी उरलेली चकली तोंडात तशीच धरली. चावेनात. मऊ व्हायची वाट बघत बसले. गाल फुगलेला, डोळे टीव्हीकडं आणि हात गुडघ्यांत. नियम करायचा होता तर चकल्या कशाला ठेवल्या? शिरा ठेवायचा.

मग ते मोठं गाणं आलं. बाई एकटीच खिडकीशी उभी. हळू सुरू केलं, चढत गेली, चढत गेली, शेवटी एक सूर असा लांबवला की मीसुद्धा, खोटं कशाला बोलू, कॅप विसरले. सूर संपला आणि तिथल्या थिएटरातली माणसं उठून उभी राहिली. टाळ्या, शिट्ट्या, आरडाओरडा. आणि इकडं आमच्या खोलीत आबा एकदम मोठ्यांदा म्हणाले,

"वन्समोर!"

आता हा शब्द आमच्या घरात काय आहे, हे सांगायला हवं. आबा तरुणपणी सायकल मारत कोल्हापुरात संगीत नाटकं बघायला यायचे. सगळ्यात मागची रांग. पद आवडलं की अख्खी रांग 'वन्समोर' करून उठायची आणि नटाला ते पद परत म्हणावंच लागायचं. नाटकं बंद पडली, पण आबांचा शब्द राहिला. आईचा पांढरा रस्सा जमला की वाटी पुढं करून वन्समोर. शर्यतीत आमची पाडी पळाली की वन्समोर. माझा निकाल मी फोनवर सांगितला तेव्हा म्हणाले, "वन्समोर," आणि मला सगळे मार्क परत वाचून दाखवावे लागले. आबा उगाच कुणाची तारीफ करत नाहीत, पण एकदा वन्समोर म्हणाले की त्याच्या वर काही नाही.

डॉक्टरसाहेबांनी चित्र थांबवलं.

"श्श्," म्हणाले. लहान पोराला करतात तसं, ओठावर बोट ठेवून. "अहो पाहुणे. हा तमाशाचा फड नाही."

तिथं पडद्यावर इटलीतली माणसं बोंबलली, ती चालली. आमच्या बापाचा एक शब्द चालला नाही.

आबांनी चटकन हात जोडले. "चुकलं, साहेब. गावाकडची सवय हाय."

मी मुलाकडं बघितलं. त्याच्याकडंच बघणार ना, दुसरं कुणाकडं? मला त्याच्याकडून फार काही नको होतं. 'पप्पा, असू द्या' एवढे तीन शब्द पुरले असते. नुसतं आबांकडं बघून हसला असता तरी मी गिळलं असतं. तो आपल्या नखांकडं बघत होता. आणि डॉक्टरसाहेबांनी परत सुरू केलं.

मी पाणी प्यायच्या निमित्तानं उठले आणि खाली स्वयंपाकघरात गेले. काकू भांडी घासत होत्या. एवढी भांडी आणि त्यांचा आवाज म्हणून नाही. जवळ जाऊन बघितलं तर सिंकच्या तळाशी जाड टॉवेल अंथरलेला. भांडं भांड्यावर वाजू नये म्हणून. काकू एक वाटी उचलायच्या, घासायच्या आणि टॉवेलवर अशी ठेवायच्या की जणू झोपलेलं मूल ठेवतायत.

"रविवारी मी असंच करते," काकू हळू आवाजात म्हणाल्या. मी काही विचारलं नव्हतं.

तेवढ्यात मुलगा मागनं आला. मी सरळच म्हटलं, "तुझ्या वडिलांनी माझ्या वडिलांना श्श् केलं."

"अगं, ते सगळ्यांनाच करतात," तो म्हणाला. "मला तर लहानपणापासून. मनावर नाही घ्यायचं. सवय होते."

त्याला ते समजूत काढल्यासारखं वाटलं असणार. चेहराही तसाच होता, गोड. मी त्या टॉवेलकडं बघितलं. उद्या त्यावर माझे हात असणार होते. आई आली तर हळू बोल, आबा आले तर बोलूच नका, आणि पुढं माझी पोरं मोठ्यांदा हसली तर त्यांच्या ओठावर बोट. सवय होते म्हणे! घर बघायला आले होते, बघून झालं.

मी पाणी प्यायले नाही. वर गेले. आबा होते तसेच बसलेले, चकली गिळलेली, बशी हातानं थोडी लांब सारलेली. पडद्यावर आता दोन पुरुष भांडत होते. रिमोट टीपॉयवर होता, मी उचलला. मागं जायचं बटण सगळ्या रिमोटला सारखंच असतं. भांडणारे उलटे गेले, शंभर माणसं उलटी गेली आणि बाई परत खिडकीशी येऊन उभी राहिली.

"काय करताय तुम्ही?" डॉक्टरसाहेब म्हणाले.

"आमच्या आबांनी वन्समोर मागितलाय," मी म्हटलं. "मागितला की द्यायचा असतो."

"रिमोट खाली ठेवा. हा काय पोरखेळ..."

गाणं सुरू झालं. मी ओठावर बोट ठेवलं.

"श्श्," मी म्हटलं. "गाणं चालू आहे."

देवाशप्पथ सांगते, इतकं समाधान मला पहिली अक्कलदाढ काढली तेव्हाही झालं नव्हतं. त्यांचं तोंड उघडलं आणि उघडंच राहिलं. नियम त्यांचाच होता, मोडणार कसा? मुलगा दारात उभा होता. आबा पुटपुटले, "बाळ, ठेव गं त्ये," तर मी आबांनाही बोट दाखवलं. बाईनं गाणं अथपासून इतिपर्यंत म्हटलं. हळू सुरू केलं, चढवलं, तो सूर लांबवला. इटलीतली माणसं उठली, टाळ्या वाजवल्या. मग मी रिमोट टीपॉयवर ठेवला आणि म्हटलं, "चला आबा."

खाली पोर्चमध्ये चपला घालताना डॉक्टरसाहेबांना आवाज फुटला. माझ्याशी नाही, आबांशीच बोलले. "मुलीला शिक्षण दिलंत, वळण लावायचं राहिलं."

मी वळले होते उत्तर द्यायला, आणि माझ्याकडं चांगलं धारदार उत्तर होतं. आबांनी माझा दंड धरला. "येतो साहेब," म्हणाले, पुन्हा वाकून नमस्कार केला. गुळाची ढेप भिंतीपाशी तशीच होती. मी म्हटलं, उचला ती. आबा म्हणाले, "दिल्यालं परत न्हेत न्हाईत." वळण बघायला कुणी त्या बंगल्यात कशाला यायला हवं होतं, ते माझ्या शेजारीच उभं होतं.

जीप आबा चालवत होते. उड्डाणपुलाच्या अलीकडं मी फोन चालू केला आणि लगेच वाजला. त्याचाच.

"पप्पा फार चिडलेत," तो म्हणाला. "तू फक्त एक फोन कर, सॉरी म्हण. बाकी मी सांभाळतो. खरंच सांभाळतो."

"आणि तुझे पप्पा आबांना काय म्हणणार?"

तो मग म्हणाला, "ते तसलं नको ना आता काढू."

"बरं, नाही काढत," मी म्हटलं. "राहू दे सगळंच." फोन ठेवला. मला तो आवडला होता, मघाशी सांगितलंच.

आबांनी रस्त्यावरची नजर हलवली नाही. "मोडलं?"

"मोडलं."

मला वाटलं, आता ओरडतील. ओरडायला हवं होतं, आईची देवापुढं साखर ठेवून झाली होती, भावकीत सगळ्यांना कळलं होतं. आबांनी गिअर बदलला आणि म्हणाले,

"मला त्यातलं काय कळंना हुतं बग. ती बाई का वरडतीया, त्यो जाड्या का रडतोय. कान किट्ट झालं. आनि तू बया त्येच परत लावलंस की."

"मग वन्समोर कशाला म्हणालात?"

"आता काय सांगायचं," आबा म्हणाले. "तिथल्या मान्सांनी टाळ्या वाजीवल्या. म्हटलं, पावण्याची लई आवड हाय, आपुन गप बसलो तर त्येला वाटंल, हेंस्नी काय कळत न्हाय, हेंची पोरगी कशाला करायची. म्हनून वरडलो."

आयुष्यात खोटा वन्समोर दिला नव्हता त्यांनी. आईच्या बिघडलेल्या रश्शाला नाही, गावातल्या आमदाराच्या भाषणाला नाही. तो त्या घरात दिला, माझ्यासाठी दिला, आणि वर 'चुकलं साहेब' म्हणून हात जोडले. मला रडू यायला लागलं आणि रडू आलं की मला रागच येतो, तो आबांवरच निघाला.

"परत माझ्यासाठी कुणापुढं असलं काही करायचं नाही," मी ओरडले. "कळलं का? अजिबात नाही!"

"करनार की," आबा म्हणाले. त्यांचाही आवाज चढला. "उद्या दुसरं स्थळ आलं तर तितंबी वरडनार. तू कोन मला सांगनारी?"

मी काचेकडं तोंड केलं आणि गडमुडशिंगी येईपर्यंत वळले नाही.